साच्याच्या साहाय्याने सच्छिद्र कार्बनची निर्मिती : तत्त्व, कृती आणि मर्यादा

बीजसंज्ञा : सच्छिद्र कार्बन, साचा-पद्धती, मध्यरंध्री सिलिका, झिओलाइट, अधिशोषण, भाताचे तूस

प्रस्तावना

लाकूड किंवा नारळाची करवंटी अपुऱ्या हवेत जाळली असता कोळसा मिळतो. हा कोळसा पाण्याच्या वाफेत किंवा कार्बन डाय-ऑक्साइड वायूत ८००° ते १०००° से. पर्यंत तापविला असता त्याच्या अंतर्भागात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा कोळशास सक्रियित कार्बन असे म्हणतात. राफाएल फोन ओस्त्रेय्को यांनी १९००-०१ च्या सुमारास या प्रक्रियेची पेटंटे मिळविली आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून संरक्षण करणाऱ्या मुखवट्यांमुळे या पदार्थाचे महत्त्व साऱ्या जगास पटले. आज घरगुती जलशुद्धीकरण यंत्रापासून साखरेच्या रसाचा रंग काढण्यापर्यंत सर्वत्र हाच पदार्थ वापरला जातो. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि शेकडो उपयोगांस पुरेसाही आहे.

असे असताना १९८० नंतरच्या काळात अनेक रसायनशास्त्रज्ञांना कार्बनमधील छिद्रे वेगळ्या मार्गाने घडविण्याची आवश्यकता का वाटली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सक्रियित कार्बनमधील छिद्रे म्हणजे वाळवीने पोखरलेले लाकूड होय. वाफ कार्बनला जिथे कमकुवत जागा सापडेल तिथे खाते. परिणामी एखादे छिद्र अर्ध्या नॅनोमीटरचे, शेजारचे पाच नॅनोमीटरचे, तर तिसरे एका टोकाला बंद झालेले असते. सुताराने गिरमिटाने एकाच मापाची छिद्रे पाडावीत, तशी छिद्रे या मार्गाने मिळत नाहीत. ती मिळविण्यासाठी जी पद्धती विकसित झाली तिला साचा-पद्धती म्हणतात. या पद्धतीचे तत्त्व, तिच्यातील एका प्रमाणभूत कृतीचा तपशील आणि तिच्यापुढील अडचणी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

छिद्राचे माप

आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने १९८५ मध्ये छिद्रांचे जे वर्गीकरण केले तेच आजही प्रमाण मानले जाते. २ नॅनोमीटरहून लहान ती सूक्ष्मरंध्रे, २ ते ५० नॅनोमीटरपर्यंतची मध्यरंध्रे आणि ५० नॅनोमीटरहून मोठी ती स्थूलरंध्रे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सामान्य सक्रियित कार्बनमध्ये सूक्ष्मरंध्रांचे प्राबल्य असते. क्लोरीन किंवा बेंझीन यांसारख्या लहान रेणूंच्या अधिशोषणासाठी ही छिद्रे उत्तम होत. परंतु अंड्याच्या पांढऱ्या बलकात आढळणाऱ्या लायसोझाइम या लहानशा प्रथिनाच्या रेणूचे आकारमानही साधारण ३ × ३ × ४.५ नॅनोमीटर असते. सूक्ष्मरंध्राच्या दारातून तो आत जाणे शक्यच नाही. अशा कार्बनचे पृष्ठक्षेत्रफळ ग्रॅमला १००० चौ.मी. असले तरी या रेणूच्या दृष्टीने त्यातील बहुतांश भाग नसल्यासारखाच असतो.

पृष्ठक्षेत्रफळ मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी रीत ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांनी १९३८ मध्ये मांडली. नमुना द्रव नायट्रोजनच्या तापमानास, म्हणजे –१९६° से. पर्यंत थंड करून त्यावर नायट्रोजनचा एकेरी थर बसण्यास किती वायू लागतो, ते काढले जाते. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौ. नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरून क्षेत्रफळ मिळते. ही रीत सपाट किंवा रुंद छिद्रांच्या पृष्ठभागासाठी योग्य आहे. अतिशय अरुंद छिद्रांत मात्र नायट्रोजन थराथराने न बसता छिद्रच भरून टाकतो आणि मिळणारा आकडा खऱ्या क्षेत्रफळाहून मोठा येऊ शकतो. सच्छिद्र कार्बनविषयीचे शोधनिबंध वाचताना ही बाब सतत लक्षात ठेवावी लागते, कारण अनेकदा निबंधाच्या शीर्षकातच हा आकडा मिरविला जातो.

तत्त्व

साचा-पद्धतीची मूळ कल्पना धातूच्या ओतकामातील आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाच्या प्रतिमेवरून धातूची मूर्ती ओतण्याचा विधी वर्णिला आहे. मेणाची प्रतिमा करावी, तिला मातीचे लेप द्यावेत, मेण वितळवून काढावे आणि रिकाम्या जागेत धातूचा रस ओतावा, अशी ती रीत होय. शेवटी मातीचे कवच फोडले की मूर्ती मोकळी होते. सच्छिद्र कार्बनच्या बाबतीत मातीच्या कवचाची भूमिका सिलिका करते. सिलिकाच्या पोकळ्यांत साखर, रेझीन किंवा तत्सम कार्बनयुक्त पूर्वद्रव्य भरले जाते, निर्वात अवस्थेत किंवा निष्क्रिय वायूत तापवून त्याचा कार्बन केला जातो आणि मग सिलिका विरघळवून काढली जाते. जिथे सिलिकाची भिंत होती तिथे आता छिद्र असते, आणि जिथे छिद्र होते तिथे कार्बन.

ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. ओताऱ्याला मूर्ती हवी असते, कवचाची माती गेली तरी त्याची हरकत नसते. येथे रसायनशास्त्रज्ञाला हवी असते ती मूर्ती नव्हे, तर माती निघून गेल्यावर उरलेली पोकळी. त्यामुळे साच्याच्या भिंतींची जाडी जितकी एकसारखी, तितकी कार्बनमधील छिद्रे एकसारखी. साच्याच्या छिद्राचे माप नव्हे, तर त्याच्या भिंतीचे माप महत्त्वाचे ठरते.

आरंभीचे प्रयत्न

या पद्धतीचा पहिला व्यवहारोपयोगी वापर रसायन-विश्लेषणाच्या गरजेतून झाला. एडिंबरा विद्यापीठातील जॉन नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रव वर्णलेखनाच्या स्तंभात भरण्याजोगा कार्बन बनविला आणि १९८२ व १९८६ मध्ये त्यासंबंधीचे निबंध प्रसिद्ध केले. स्तंभात सामान्यतः वापरली जाणारी सिलिका अल्कधर्मी विद्रावात टिकत नाही, कार्बन टिकतो. त्यांनी सच्छिद्र सिलिका जेलच्या गोल कणांत फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीन भरले, त्याचे कार्बनीकरण केले, सिलिका अल्कलीत विरघळविली आणि उरलेला कार्बन २०००° से. हून अधिक तापवून त्यास ग्रॅफाइटसदृश रूप दिले. हा पदार्थ पुढे ‘हायपरकार्ब’ या नावाने बाजारात आला. जिथे एका ग्रॅमची किंमत दुय्यम असते अशा क्षेत्रात साचा-पद्धतीचा पहिला यशस्वी माल विकला गेला, ही गोष्ट सूचक आहे.

जपानमध्ये सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात ताकाशी क्योतानी आणि त्यांचे सहकारी वेगळ्या दिशेने विचार करीत होते. १९८८ मध्ये त्यांनी माँटमोरिलोनाइट या मृत्तिकेच्या पापुद्र्यांमध्ये पॉलिॲक्रिलोनायट्राइल भरून ग्रॅफाइट मिळविले. एरवी या बहुवारिकापासून सुव्यवस्थित ग्रॅफाइट सहजासहजी मिळत नाही. दोन समांतर भिंतींच्या बंदिवासात त्याला शिस्त लागली. १९९७ मध्ये त्यांनी झिओलाइट-वाय हा साचा वापरला. या झिओलाइटमधील पोकळ्या सुमारे १.३ नॅनोमीटर व्यासाच्या आणि त्यांची दारे ०.७४ नॅनोमीटरची असतात. इतक्या अरुंद दारातून फर्फ्युरिल अल्कोहॉल व पुढे प्रोपिलीन वायू आत नेऊन त्यांचा कार्बन करण्यात आला. २००० मध्ये याच गटाने ग्रॅमला सुमारे ३६०० चौ.मी. पृष्ठक्षेत्रफळाचा कार्बन मिळविला. ग्रॅफाइटचा एकच पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, दोन्ही बाजूंनी मोजला तरी ग्रॅमला सुमारे २६३० चौ.मी. एवढेच क्षेत्रफळ येते. मग त्याहून मोठा आकडा कसा? झिओलाइटच्या पोकळीत सलग पापुद्रा तयार होऊच शकत नाही. तयार होतात ते ग्राफीनचे वक्र, चिमुकले तुकडे. त्यांच्या कडांवरही वायूचे रेणू बसतात आणि कडांचे क्षेत्रफळ मूळ हिशेबात धरलेले नसते.

सीएमके मालिका

या क्षेत्रास खरी गती मिळाली ती मध्यरंध्री सिलिकामुळे. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये पृष्ठक्रियाकारकांच्या साहाय्याने एमसीएम-४१ व एमसीएम-४८ या सुव्यवस्थित छिद्रांच्या सिलिका जाहीर केल्या. १९९९ मध्ये दक्षिण कोरियातील र्‍योंग र्‍यू यांच्या गटाने एमसीएम-४८ मध्ये साखर भरून सीएमके-१ हा कार्बन तयार केला. त्याच वर्षी सोल राष्ट्रीय विद्यापीठातील तेगह्वान ह्यॉन यांच्या गटाने त्याच जातीच्या साच्यात फिनॉलिक रेझीन भरून स्वतंत्रपणे असाच कार्बन मिळविला व तो धारित्रात वापरून दाखविला.

सीएमके-१ ची एक गंमत अशी की तो साच्याची हुबेहूब प्रतिकृती नव्हता. एमसीएम-४८ मध्ये छिद्रांची दोन जाळी एकमेकांत गुंफलेली असतात, पण ती एकमेकांस कोठेही मिळत नाहीत. त्यांत भरलेला कार्बनही दोन स्वतंत्र जाळ्यांचा होतो. मधली सिलिका काढताच ही दोन जाळी एकमेकांच्या संदर्भात सरकतात आणि रचनेची सममिती बदलते. क्ष-किरण विवर्तनात हा बदल स्पष्ट दिसला. खरी प्रतिकृती मिळाली ती २००० मध्ये, एसबीए-१५ या सिलिकापासून. तिचे नाव सीएमके-३.

सीएमके-३ ची कृती आजही अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ जशीच्या तशी केली जाते, म्हणून ती येथे तपशिलाने देणे उचित ठरेल. १ ग्रॅम एसबीए-१५ घेऊन ती १.२५ ग्रॅम सुक्रोज (म्हणजे आपली नेहमीची साखर), ०.१४ ग्रॅम सल्फ्युरिक अम्ल आणि ५ ग्रॅम पाणी यांच्या विद्रावात मिसळतात. मिश्रण भट्टीत १००° से. ला ६ तास व नंतर १६०° से. ला ६ तास ठेवतात. पांढरी भुकटी या वेळेपर्यंत काळपट तपकिरी होते. मग तिच्यात पुन्हा ०.८ ग्रॅम साखर, ०.०९ ग्रॅम अम्ल व ५ ग्रॅम पाणी मिसळून तोच क्रम पुन्हा केला जातो. त्यानंतर निर्वातात ९००° से. ला कार्बनीकरण होते. शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम, अल्कोहॉलमिश्रित विद्रावाने किंवा विरल हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने सिलिका काढून टाकतात.

यातील अम्लाचे कार्य कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही परिचित असते. साखरेवर संहत सल्फ्युरिक अम्ल ओतले असता ते पाणी ओढून घेते आणि काळा स्तंभ फुगून वर येतो. येथे तीच क्रिया अत्यल्प अम्लाने, सावकाश आणि छिद्रांच्या आत घडवून आणली जाते. अम्ल नसेल तर तापविताना साखर वितळून छिद्रांबाहेर येते व साच्याच्या कणांभोवती निरुपयोगी कोळसा जमतो.

साखर दोनदा का भरावी लागते, याचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते. सुक्रोजच्या ३४२ भाग वजनात कार्बन १४४ भाग, म्हणजे ४२ टक्के. १.२५ ग्रॅम साखरेतील सर्व कार्बन मागे राहिला असे मानले तरी तो ०.५३ ग्रॅम भरतो. साखरेचे घनफळ, घनता १.५९ धरल्यास, ०.७९ घ.सें.मी.; तर तेवढ्या कार्बनचे घनफळ, घनता सुमारे २ धरल्यास, ०.२६ घ.सें.मी. म्हणजे साखरेने पूर्ण भरलेले छिद्र कार्बनीकरणानंतर केवळ एक तृतीयांश भरलेले राहते. अशा अर्धवट कांड्या साचा काढताच मोडतात. दुसऱ्यांदा भरलेली साखर ही रिकामी जागा बऱ्याच अंशी भरून काढते.

कांड्या शाबूत राहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते अधिक मूलभूत आहे. एसबीए-१५ मधील मुख्य छिद्रे मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी रचनेत, एकमेकांस समांतर असतात. एमसीएम-४१ चीही रचना अशीच आहे. तरीही एमसीएम-४१ हा साचा वापरल्यास हाती येतात त्या सुट्या कांड्या. बंध सुटलेल्या काडक्यांच्या मोळीप्रमाणे त्या विखुरतात व रचना नाहीशी होते. एसबीए-१५ बनविताना पी-१२३ हे जे बहुवारिक वापरले जाते त्याच्या पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या सिलिकाच्या भिंतीत शिरलेल्या असतात. बहुवारिक जाळून टाकले की भिंतीत आडवी सूक्ष्मरंध्रे उरतात. त्यांतही साखर शिरते आणि शेजारशेजारच्या कांड्यांना जोडणारे कार्बनचे पूल तयार होतात. भिंत गेली तरी हे पूल कांड्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. साच्यातील ज्या बारीक दोषांकडे प्रथम कोणाचे फारसे लक्ष नव्हते, तेच प्रतिकृतीचा आधार ठरले.

कृती यशस्वी झाली की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे थोडा नमुना हवेत पूर्णपणे जाळणे. कार्बन निघून गेल्यावर राख उरली नाही तर सिलिका पूर्ण निघाली असे समजावे. कमी कोनातील क्ष-किरण विवर्तनरेषा सिलिका काढल्यावरही कायम राहिल्या तर रचना टिकली.

क्षेत्रफळाचा हिशेब

सीएमके-३ चे पृष्ठक्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे १५०० चौ.मी. आणि छिद्रांचा व्यास सुमारे ४.५ नॅनोमीटर असल्याचे मूळ निबंधात नोंदविले आहे. हे सर्व क्षेत्रफळ साच्याने दिले काय? समजा, कार्बनच्या कांड्या ७ नॅनोमीटर जाडीच्या, गुळगुळीत आणि भरीव आहेत. दंडगोलाचे एकक वजनास बाह्य क्षेत्रफळ म्हणजे चार भागिले घनता व व्यास यांचा गुणाकार. घनता २ धरल्यास हे उत्तर ग्रॅमला सुमारे २९० चौ.मी. येते. मोजलेल्या आकड्याचा हा पाचवा हिस्साही नाही. उरलेले क्षेत्रफळ कांड्यांच्या खडबडीत पृष्ठभागाचे, त्यांना जोडणाऱ्या पुलांचे आणि मुख्यतः कार्बनीकरणाच्या वेळी वायू बाहेर पडताना कांड्यांच्या आत पडलेल्या सूक्ष्मरंध्रांचे असते. ही सूक्ष्मरंध्रे साध्या कोळशातही पडतात. त्यांसाठी साचा लागत नाही.

या हिशेबाचा अर्थ असा की केवळ मोठ्या पृष्ठक्षेत्रफळासाठी साचा-पद्धती वापरणे हे अव्यवहार्य होय. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रियित केलेला कार्बन ग्रॅमला ३००० चौ.मी. पर्यंत सहज पोहोचतो आणि तो कितीतरी स्वस्त असतो. साच्याने जे मिळते ते निराळे आहे : ठरावीक मापाचे, खुले आणि एकमेकांस जोडलेले मार्ग. बऱ्याच निबंधांत या दोहोंची गल्लत केलेली आढळते.

मृदू साचे

सिलिकाचा साचा आधी बनवायचा, तो भरायचा आणि मग नष्ट करायचा, ही द्राविडी प्राणायामाची रीत टाळण्याचा प्रयत्न पुढील काळात झाला. २००४ मध्ये अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत आणि २००५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठात दोंगयुआन झाओ यांच्या गटात साच्याचे काम थेट बहुवारिकाकडेच सोपविण्यात आले. फुदानच्या कृतीत फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांचे कमी रेणुभाराचे रेझीन आणि एफ-१२७ हे बहुवारिक अल्कोहॉलमध्ये एकत्र विरघळवितात. अल्कोहॉल उडून जाताना दोन्ही घटक आपोआप सुव्यवस्थित रचना करतात. १००° से. ला रेझीन घट्ट होते, ३५०° से. च्या सुमारास एफ-१२७ विघटित होऊन निघून जाते आणि ६००° से. हून अधिक तापमानास कार्बन मिळतो. काहीही विरघळवून काढावे लागत नाही. मात्र आधार देणारी सिलिका नसल्याने तापविताना रचना आकसते आणि पूर्वद्रव्यही हवे ते वापरता येत नाही. रेझीनसारखे, बहुवारिकाशी हायड्रोजन बंधाने जोडले जाणारे व वेळीच घट्ट होणारे द्रव्यच चालते. साखर येथे उपयोगाची नाही.

उपयोगांविषयी

व्यवस्थित मध्यरंध्रांचा सर्वांत सयुक्तिक उपयोग लिथियम-गंधक विद्युत् घटात दिसून आला. २००९ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझर यांच्या गटाने सीएमके-३ मध्ये १५५° से. ला वितळलेले गंधक शोषून घेतले. हे तापमान विचारपूर्वक निवडले जाते : गंधक सुमारे ११५° ला वितळते, १५५° च्या सुमारास सर्वांत पातळ असते आणि १५९° च्या वर त्याच्या लांब साखळ्या बनून ते अचानक घट्ट होते. गंधक विद्युत्‌वाहक नाही. कार्बनच्या कांड्या त्याला वाहकता देतात. विसर्जनाच्या वेळी गंधकाचे घनफळ सुमारे ८० टक्क्यांनी वाढते, त्यासाठी छिद्रात थोडी जागा रिकामी ठेवावी लागते. या घटाची क्षमता ग्रॅम गंधकास १३२० मिलिॲम्पिअर-तासांपर्यंत गेली. सैद्धान्तिक मर्यादा १६७५ च्या आसपास आहे.

अतिधारित्रांच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही. विद्युत् विच्छेद्यातील आयनांना ये-जा करण्यास रुंद छिद्रे हवीत, म्हणून मध्यरंध्री कार्बन श्रेष्ठ, असा युक्तिवाद प्रारंभी केला जात असे. २००६ मध्ये गोगोत्सी, सिमॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बाइडपासून मिळविलेल्या कार्बनवर प्रयोग करून दाखविले की १ नॅनोमीटरहून लहान छिद्रांत धारिता कमी न होता उलट वाढते. आयन आपल्याभोवतीचे विद्रावकाचे आवरण काही अंशी उतरवून त्या छिद्रात शिरतात. प्रभार साठविण्याचे काम लहान छिद्रांचे आणि तो वेगाने पोहोचविण्याचे काम मोठ्या छिद्रांचे, अशी विभागणी यामुळे मान्य झाली. छिद्रांचे माप अचूक ठरविता येणारे पदार्थ हाती नसते तर हा वाद तर्कावरच राहिला असता.

साचा विरघळविण्याची किंमत

या पद्धतीचे खरे दुखणे शेवटच्या पायरीत आहे. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल सिलिका चटकन विरघळविते, म्हणून शोधनिबंधांत त्याचा उल्लेख एका ओळीत येतो. परंतु हे अम्ल त्वचेतून आत शिरते, शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि विरल असल्यास वेदना काही तासांनी सुरू होतात. तोवर इजा खोलवर गेलेली असते. ज्या प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल, योग्य हातमोजे व कार्यक्षम धूर-कक्ष नाही तिथे हे अम्ल उघडताच कामा नये. काचपात्रात ते ठेवता येत नाही, कारण ते काचही खाते. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रकल्पांच्या संदर्भात ही सूचना औपचारिक समजू नये. सोडियम हायड्रॉक्साइडचा गरम विद्राव हा पर्याय हळू आहे, तोही डोळ्यांस व त्वचेस घातक आहे, पण त्याची हाताळणी विद्यार्थ्यांना परिचित असते. हिशेबाने ६० ग्रॅम सिलिकास ८० ग्रॅम अल्कली लागते. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त घ्यावी लागते.

खर्चाचा विचार केल्यास एसबीए-१५ च्या मूळ कृतीत ८.५ ग्रॅम टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट आणि ४ ग्रॅम पी-१२३ लागते आणि त्यापासून जास्तीत जास्त २.४५ ग्रॅम सिलिका मिळू शकते. म्हणजे १ ग्रॅम साच्यासाठी सुमारे ३.५ ग्रॅम सिलिकेट आणि १.६ ग्रॅम बहुवारिक खर्ची पडते. बहुवारिक जाळले जाते, सिलिका विरघळवून टाकली जाते आणि हाती येणारा कार्बन एक ग्रॅमही भरत नाही. साखर या सर्वांत स्वस्त घटक आहे.

म्हणूनच सहज काढता येणाऱ्या साच्यांचा शोध महत्त्वाचा ठरतो. जपानमध्ये मिचिओ इनागाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचा वापर केला. मॅग्नेशियम सायट्रेट तापविले असता त्यातील सेंद्रिय भागाचा कार्बन होतो व मॅग्नेशियम ऑक्साइडचे नॅनोकण त्यात रुतून बसतात. हे कण विरल अम्लात विरघळतात आणि त्या विद्रावातून मॅग्नेशियमचे लवण परत मिळवून पुन्हा वापरता येते. या मार्गाचा कार्बन ‘सीनोवेल’ या नावाने विक्रीस आला, यात नवल नाही. साधे मीठ तर पाण्यानेच धुऊन निघते, परंतु ते ८०१° से. ला वितळत असल्याने त्याचे कण त्या तापमानापर्यंतच आकार टिकवितात. जस्तयुक्त धातु-सेंद्रिय जालकांचा मार्ग आणखी वेगळा आहे. एमओएफ-५ मध्ये फर्फ्युरिल अल्कोहॉल भरून १०००° से. ला तापविल्यास जस्ताच्या ऑक्साइडचे कार्बनमुळे क्षपण होते आणि ९०७° से. ला उकळणारे जस्त वाफ होऊन निघून जाते. जपानी संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखविले. साचा स्वस्त नाही, पण धुण्याचे कष्ट वाचतात.

तुसातील सिलिका

निसर्गातही कार्बन आणि साचा एकत्र आढळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये गळून पडलेल्या कडुनिंबाच्या पानांपासून, बाहेरून कोणतेही सक्रियक न मिसळता, ग्रॅमला १००० चौ.मी. हून अधिक पृष्ठक्षेत्रफळाचा कार्बन मिळविला. पानांत मुळातच असलेली धातूंची लवणे तापविताना छिद्रे पाडण्याचे काम करतात. याला काटेकोर अर्थाने साचा म्हणता येणार नाही. भाताच्या तुसाला मात्र म्हणता येईल.

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. ते जाळल्यास १५ ते २० टक्के राख उरते आणि त्या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील भात गिरण्यांत तूस इंधन म्हणून जाळले जाते आणि राखेची विल्हेवाट ही एक कटकट होऊन बसते. तेच तूस हवेविना तापविल्यास सिलिकाचे नॅनोकण कार्बनमध्ये विखुरलेले राहतात. सोडियम हायड्रॉक्साइडने ते विरघळविले की त्यांच्या जागी मध्यरंध्रे उरतात. धुतलेल्या पाण्यात सोडियम सिलिकेट असते; त्यात कार्बन डाय-ऑक्साइड सोडल्यास शुद्ध सिलिका साक्याच्या रूपात परत मिळते. येथे साचा वाया जात नाही, तर दुसरे उत्पादन म्हणून हाती येतो.

एसबीए-१५ मुळे मिळणारी शिस्त तुसापासून मिळणार नाही. तुसातील सिलिका प्रामुख्याने बाहेरील त्वचेच्या थरात एकवटलेली असते, आतील भागात ती विरळ असते, त्यामुळे छिद्रांचे वाटपही असमान होते. जातीनुसार व जमिनीनुसार सिलिकाचे प्रमाण बदलते. याहून त्रासदायक म्हणजे तुसातील पोटॅशियम. त्याच्या सान्निध्यात सिलिका कमी तापमानास मऊ पडते, कण एकमेकांस चिकटून मोठे होतात, काही कार्बन काचेसारख्या आवरणात अडकतो आणि नंतर अल्कली तिथवर पोहोचतच नाही. म्हणून कार्बनीकरणापूर्वी तूस विरल हायड्रोक्लोरिक अम्लात उकळून, पाण्याने निर्मळ धुऊन पोटॅशियम काढून टाकावे लागते. ही पायरी वेळखाऊ वाटल्याने बऱ्याचदा गाळली जाते आणि मग दोन गिरण्यांच्या तुसापासून मिळालेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.